अंडी उकडता तर सगळेच, पण नीट कशी उकडायची? उन्हाळ्यात ही काळजी घ्या

अमरावती/अकोला : गंजात पाणी घेतलं, अंडी टाकली, उकळली की झालं, असं आपल्याला वाटतं. मग कधी टरफलासोबत अर्धं पांढरं निघून जातं, कधी पिवळं कच्चं राहतं, तर कधी अंडं गंजातच फुटतं. मोठ्या माणसाचं यात फारसं बिघडत नाही. पण घरी लहान लेकरू किंवा गरोदर बाई असेल तर कच्चं किंवा शिळं अंडं पोट बिघडवू शकतं.

मेळघाटात तर अंडं हे लेकरांच्या पोषणाचाच भाग आहे. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१६ पासून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांतून ७ महिने ते ६ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडं किंवा केळी देण्याची तरतूद झाली. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात.

आधी अंडं तपासा

अंडं गंजभर पाण्यात सोडा. तळाशी आडवं पडलं तर ताजं. तळाशी पण उभं राहिलं तर जुनं, लवकर वापरा. वर तरंगलं तर फेकून द्या. अंडी आणल्याबरोबर धुऊन ठेवू नका, टरफलावरचा संरक्षक थर निघून जातो. उकडायच्या आधी धुवा.

कोंबड्यासोबत फिरणाऱ्या कोंबडीचं गावरान अंडं बहुधा फळलेलं असतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते बाहेर ठेवलं तर आत पिल्लू धरायला लागतं. म्हणून अंडी रोजच्या रोज गोळा करा, माठाजवळच्या गार जागी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.

उकडायची पद्धत

१. अंडी बुडून वर दोन बोटं राहील एवढं पाणी आधी उकळा. चिमूटभर मीठ टाका. एखादं अंडं तडकलंच तर पांढरं लवकर गोठतं, फार बाहेर येत नाही.

२. फ्रिजमधली अंडी १०-१५ मिनिटं बाहेर ठेवा, मगच चमच्यानं हळूच पाण्यात सोडा. गरम पाण्यात टाकल्यामुळे टरफल सोपं निघतं.

३. पाण्याला पुन्हा उकळी आली की मोबाईलवर वेळ लावा. पोल्ट्रीच्या अंड्याला १२ मिनिटं, लहान गावरान अंड्याला १० मिनिटं. चुलीवर असाल तर एखादं लाकूड मागे ओढा. पाणी खदखदलं की अंडी एकमेकांवर आपटून फुटतात.

४. वेळ झाली की लगेच माठातल्या गार पाण्यात १० मिनिटं ठेवा. पाणी कोमट झालं तर बदला. पाणी पिण्याचंच घ्या, कारण तडकलेल्या टरफलातून ते आत जातं.

५. जाड टोकाकडून सोला. तिथं हवेची पोकळी असते.

चिखलदऱ्यात वेळ जास्त का लागतो?

अकोल्यात पाणी साधारण ९९ अंशाला उकळतं. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंच आहे. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९६ अंशाच्या आसपासच उकळतं. उकळी तशीच दिसते, पण पाणी कमी तापलेलं असतं. वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटं जास्त धरावी.

हे माहीत असू द्या

कालचं अंडं चांगलं सोललं जातं, आजचं नाही. अगदी ताज्या अंड्यात पांढरं आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटलेलं असतं. म्हणजे अंडं खराब नाही, उलट ताजं आहे.

पिवळ्याभोवती हिरवट कडा आली तर घाबरू नका. जास्त वेळ उकडल्यानं पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन तो रंग येतो. खाल्ल्यानं काही होत नाही.

हाफ बॉइल अंडं लहान लेकरं, गरोदर बाया आणि म्हाताऱ्या माणसांना देऊ नका. एक-दोन वर्षांच्या लेकराला अख्खं अंडं हातात देऊ नका, कोरडं पिवळं घशात अडकतं. पाणी किंवा वरणात कुस्करून भरवा. पहिल्यांदा देताना थोडंसंच द्या. अंगावर गांधी उठल्या किंवा उलटी झाली तर पुढं देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. श्वास लागला तर लगेच दवाखाना गाठा.

उकडलेलं अंडं हिवाळ्यात दोन तासांत आणि उन्हाळ्यात तासाभरात खाऊन घ्या. फ्रिजमध्ये टरफलासकट आठवडाभर चालतं. सकाळी उकडून दुपारी वावरात नेलेल्या डब्यातलं अंडं मात्र एप्रिल-मे महिन्यात टाळलेलंच बरं.