‘इक्षुगंधा’ म्हणजे कोणती वनस्पति?

जुन्या वैद्यकपोथ्यांत ‘इक्षुगंधा’ हा शब्द आला कीं तेथें सरसकट काश हें तृण समजण्याचा प्रघात आहे. तो निर्दोष नाहीं. अमरकोशांत हेंच नांव काशाप्रमाणें गोखरू व तालिमखाना यांसही दिलेलें आहे. तेव्हां अर्थ संदर्भावरून ठरवावा. कुश, दर्भ यांच्या पंक्तींत शब्द आल्यास काश घ्यावा. श्वदंष्ट्रा, स्वादुकंटक हे पर्याय जवळ असल्यास गोखरू.

प्रत्यक्ष ओळख कठीण नाहीं. मोताळ्याजवळील नळगंगेसारख्या नदीच्या कांठीं शरदृतूंत रेशमी, पांढरा, मोकळ्या शाखांचा तुरा दिसल्यास तो काश समजावा. त्याचें कांड बारीक व अल्परस, उंसाचें जाड, भरीव व रसाळ, तर नळाचें पोकळ असतें.

उंसाशीं काशाचें नातें मात्र केवळ नांवाचें नव्हे. १९१२ सालीं स्थापन झालेल्या कोइमतूरच्या ऊंस-पैदास केंद्रानें दोहोंच्या संकरापासून काढलेली ‘को २०५’ ही जात १९१८ सालीं प्रसृत झाली. आज लागवडींत असलेल्या बहुतेक उंसांत काशाचा अंश आहे. तथापि या नात्याच्या मोहानें गोखरूच्या जागीं काश वाचूं नये. तेथें केवळ शब्दार्थ नव्हे, औषधच बदलतें.