शिडाच्या नौकेची डोलकाठी : तारांना ताण का आणि कसा देतात

सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरात अभिलाष टॉमी यांची ‘थुरिया’ ही नौका वादळात सापडली आणि तिची डोलकाठी मोडली. पाठीला गंभीर दुखापत झालेल्या टॉमी यांची काही दिवसांनी सुटका झाली. तसल्या वादळापुढे कोणतीही जुळणी अपुरी पडू शकते. मात्र ताण चुकीचा असेल तर साध्या वाऱ्यातही डोलकाठी धोक्यात येते. म्हणून हा विषय स्थापत्य व यांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा.

रचना

डोलकाठी हा एक सडपातळ स्तंभ आहे. पुढे फोरस्टे, मागे बॅकस्टे आणि दोन्ही बाजूंना श्राउड या तारा तिला धरून ठेवतात. माथ्याकडून येणारा कॅप श्राउड स्प्रेडर या आडव्या दांडीवरून डेककडे उतरतो. लोअर श्राउड साधारण स्प्रेडरच्या पातळीवर बसतो. असा मधला आधार मिळाला की स्तंभाची परिणामी लांबी घटते. ऑयलरच्या सूत्रानुसार ही लांबी निम्मी झाली, तर वाकण्याचा क्रांतिक भार चौपट होतो.

श्राउड व डोलकाठी यांच्यातील कोन लहान असतो. तो १०° धरला, तर १ किलोन्यूटन आडवे बल पेलायला तारेत सुमारे ५.८ किलोन्यूटन ताण लागतो. त्याचा बहुतेक भाग डोलकाठीवर दाब म्हणून येतो.

आधीच ताण कशासाठी?

सायकलच्या चाकातील आरे आठवा. ताण आधीच दिलेला असला की वाऱ्याकडच्या तारेचा ताण वाढतो, विरुद्ध बाजूचा कमी होतो आणि दोन्ही तारा मिळून डोलकाठी सावरतात. एक बाजू पूर्ण सैल पडली की आडवी दृढता जवळपास निम्मी होते. शिवाय नौका दिशा बदलते तेव्हा सैल तारेला झटका बसतो आणि त्यातून धातूला थकवा येतो.

ताण मोजणे

१×१९ बांधणीच्या स्टेनलेस स्टील तारेत २ मीटर लांबीवर १ मिमी वाढ म्हणजे तार तुटण्याच्या भाराच्या सुमारे ५ टक्के ताण. तारेचा व्यास कितीही असला तरी हे लागू पडते, कारण दृढता आणि तुटण्याचा भार दोन्ही छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात बदलतात.

कृती

१. वारा नसताना, नौका पाण्यात तरंगत असताना सर्व टर्नबकल हाताने आवळा.
२. माथ्यापासून दोन्ही बाजूंच्या समान बिंदूंपर्यंतची अंतरे टेपने मोजून डोलकाठी मध्यावर आणा.
३. फोरस्टे व बॅकस्टे यांनी मागचा कल ठरवा.
४. कॅप श्राउड आळीपाळीने, समान फेऱ्यांनी आवळा. स्प्रेडर मागे झुकलेले नसतील तर सुमारे १५ टक्के, म्हणजे २ मीटरवर ३ मिमी वाढ पुरते. उत्पादकाचा आकडा उपलब्ध असेल तर तोच प्रमाण माना.
५. शिडाच्या खाचेतून वर पाहत लोअर श्राउड आवळा. बाजूला वाकडेपणा राहू नये.
६. मध्यम वाऱ्यात नौका सुमारे २०° कलू द्या. वाऱ्याविरुद्ध बाजूचा कॅप श्राउड लोंबत असेल तर तो थोडा आवळा, नंतर दिशा बदलून दुसऱ्या बाजूला तितक्याच फेऱ्या द्या.
७. शेवटी प्रत्येक टर्नबकलला स्प्लिट पिन लावा. पिन नसली तर कंपनांनी टर्नबकल उलगडत जाते आणि केलेली सारी जुळणी वाया जाते.

स्वाध्याय

८ मिमी व्यासाच्या १×१९ तारेत २ मीटरवर २ मिमी वाढ मिळाली. ताण तुटण्याच्या भाराच्या किती टक्के? व्यास १० मिमी असता तर उत्तर बदलले असते का? कारण लिहा.