ग्रीष्माचा अध्याय आणि टोकियोचा ऑगस्ट

ऋतुचर्येचा अध्याय आपणा सर्वांना पाठ असतो. ग्रीष्मात मधुर, शीत, द्रव व स्निग्ध अन्नपान द्यावे. लवण, अम्ल व कटू रस आणि व्यायाम टाळावा, हे रुग्णाला सांगताना आम्हांला आजवर कधी ग्रंथ उघडावा लागला नाही. मात्र तोच पाठ असलेला अध्याय भलत्या देशात लागू केला तर काय होते, याचा अनुभव आम्हांला स्वतःच्या मातोश्रींच्या बाबतीत आला. तो वैद्यबंधूंपुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो.

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही मातोश्रींसह टोकियोस धाकट्या बंधूंकडे राहण्यास गेलो होतो. शहराच्या पूर्वेकडील निशिकासाई भागात त्यांचे बिऱ्हाड आहे. तेथे भारतीय कुटुंबांची वस्ती मोठी असल्याने तूरडाळ, सातूचे पीठ, तूप यांची वाण पडत नाही. आम्ही अकोल्याचे. ४४-४५ अंशांचा वैशाख, कूलर आणि वाळ्याचे पडदे यांत आयुष्य गेलेले. टोकियोचे तापमान ३४ अंश असल्याचे ऐकून आम्हांला हसूच आले.

त्या आत्मविश्वासातच आम्ही घराची दिनचर्या आखली. सकाळी साखर घालून गार पाण्यातील सातूचा मंथ, दुपारी थंड दूध-भात, जेवणात मीठ बेताचे, लोणचे बंद, भोजनोत्तर दोन तास निद्रा. रात्री वातानुकूलन यंत्राचा वारा वातकर म्हणून ते बंद आणि खिडक्या उघड्या. आठवड्याभरात मातोश्रींची भूक गेली, जिव्हा साम दिसू लागली, अंग जड वाटू लागले. प्रवासाचा शीण व वय असे निदान करून आम्ही मंथाचे प्रमाण मात्र वाढविले.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री त्यांच्या पोटऱ्यांत गोळे आले, पाठोपाठ भोवळ व वांती. पहाटे त्यांचे बोलणे असंबद्ध होऊ लागले. बंधूंनी ११९ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविली. रुग्णालयात शिरेवाटे क्षारजल सुरू झाले. तेथील तरुण डॉक्टरांनी बंधूंमार्फत दोनच प्रश्न विचारले: रात्री खोली थंड ठेवली होती का, आणि आहारात मीठ होते का. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे होते आणि दोन्हींचे कारण आम्ही होतो. मातोश्री दुसऱ्या दिवशी सायंकाळी घरी आल्या. परंतु ते दोन प्रश्न आम्ही विसरलेलो नाही.

चूक कोठे झाली?

पहिली चूक देशाची. आमचा वऱ्हाड उन्हाळ्यात जांगलप्राय असतो. हवा कोरडी, घाम येताच वाळतो व त्वचा निवते. आपला कूलर चालतो तो याच तत्त्वावर. टोकियो उपसागराच्या काठी वसलेले, सर्वार्थाने आनूप. तेथे घाम येतो पण वाळत नाही. पाणी व लवण शरीराबाहेर जाते, उष्मा मात्र आत राहतो. जपानमध्ये उष्माघाताचा इशारा देताना केवळ पारा पाहत नाहीत. त्यांच्या निर्देशांकात, उघड्या उन्हातील मोजणीसाठी, ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के, सूर्याच्या तापाला २० टक्के आणि हवेच्या साध्या तापमानाला केवळ १० टक्के महत्त्व आहे. ज्या आकड्याला आम्ही हसलो होतो, तो त्या हिशेबात शेवटचा होता! शिवाय रात्रीही पारा २५ अंशांखाली उतरत नाही. अशा रात्रीला त्यांच्याकडे ‘नेत्ताइया’, म्हणजे उष्ण कटिबंधाची रात्र, असे स्वतंत्र नाव आहे. उघडी खिडकी तेथे गारवा आणीत नाही.

दुसरी चूक काळाची, आणि वैद्य म्हणून ती आम्हांला अधिक लाजिरवाणी वाटते. आपल्याकडे आधी उन्हाळा, मग पाऊस. टोकियोत जूनपासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत ‘त्सुयु’ नावाचा झिमझिम पाऊस असतो आणि खरा उन्हाळा त्यानंतर तापतो. म्हणजे शरीर त्या उन्हाला सामोरे जाते ते वर्षा ऋतूतील मंद झालेला अग्नी व संचित पित्त घेऊन. हा आपला ग्रीष्म नव्हे. वर्षा ऋतूचे अग्निमांद्य आणि शरदाचा ताप यांचा तो संकर आहे. आपल्याकडील भाद्रपद-आश्विनातील उकाडा, ज्याला लोक ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतात, तो त्याला अधिक जवळचा.

आता वर्षा ऋतूचे निषेध आठवून पाहावेत. उदमंथ व दिवास्वाप हे त्यांत ठळकपणे सांगितले आहेत. ग्रीष्मातील पथ्य ते वर्षा ऋतूतील अपथ्य, हे आम्ही विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे सांगत आलो आणि घरात तेच अपथ्य स्वहस्ते दिले.

त्यांचे स्वयंपाकघर

मातोश्री घरी आल्यावर शेजारच्या वृद्ध बाई एक काचेचे भांडे घेऊन आल्या. त्यात ‘मुगिचा’ होता. भाजलेले जव पाण्यात उकळून गाळलेले हे पेय तेथे उन्हाळाभर घरोघर असते. त्यात दूध नाही, साखर नाही, चहाची पत्तीही नाही. वर्षाचर्येत जुने यव व उकळलेले पाणी सांगितले आहे. भर्जनाने यव लघु होतो. आम्ही शोधीत असलेले पेय दाराशी आयते आले होते. बाईंचे ते फ्रिजमधील गार होते, आम्ही ते साध्या तापमानाचे दिले.

सोबत ‘उमेबोशी’ होते. जूनमध्ये पिकणारी ‘उमे’ फळे मिठात मुरवून नंतर उन्हात वाळवितात. अम्ल व लवण हे दोन्ही रस त्यात तीव्र असतात. अर्धे फळ मऊ भातासोबत देताच मातोश्रींनी कित्येक दिवसांनी ‘चव आली’ असे म्हटले. मात्र त्यात मीठ फार असते. रक्तदाब किंवा वृक्कविकार असणाऱ्यांनी वैद्यकीय सल्ल्याविना ते घेऊ नये, आणि पित्तप्रकृतीच्या व्यक्तीला मात्रा अल्पच असावी.

तेथील गार पदार्थांकडेही मग आम्ही नव्या दृष्टीने पाहू लागलो. थंड तोफूवर किसलेले आले, गार शेवयांसोबत चिरलेली पात किंवा ‘शिसो’ची सुगंधी पाने. शीत व गुरू अन्नासोबत दीपन द्रव्य देण्याचा त्यांचा प्रघात दिसला. शाकाहारी मंडळींनी एक सावधगिरी बाळगावी: या शेवयांची चटकदार दिसणारी आमटी बहुधा वाळविलेल्या मासळीच्या अर्काची असते. आम्ही ती घरी सुक्या शिताके अळंबीच्या पाण्यात करून घेतली.

उन्हाने येणाऱ्या ग्लानीला व अरुचीला तेथे ‘नात्सुबाते’ म्हणतात. प्रत्येक ऋतू सुरू होण्यापूर्वीच्या सुमारे १८ दिवसांना ‘दोयो’ असे नाव असून उन्हाळी दोयोत आहाराची विशेष काळजी घेण्याची चाल आहे. आपल्या १४ दिवसांच्या ऋतुसंधीची आठवण व्हावी असेच हे आहे. दोन्ही परंपरांचा संबंध जुनाही आहे. इ. स. ७५६ मध्ये नारा येथील तोदाइजी मंदिरास अर्पण झालेल्या औषधांच्या यादीत हरीतकी व पिप्पली आहेत. आपली द्रव्ये इतक्या दूर पोहोचली; ऋतुचर्या मात्र त्या भूमीने आपल्या पावसापाण्यावरूनच बेतली.

वैद्यबंधूंस विनंती

आज आपल्या रुग्णांची मुले टोकियो, सिंगापूर, दुबई येथे राहतात आणि दूरध्वनीवरून ‘उन्हाळ्यात काय खावे’ असे विचारतात. उत्तर देण्यापूर्वी आम्ही आता तीन प्रश्न विचारतो: तेथे घाम वाळतो की अंगावर राहतो? रात्र निवते का? पाऊस उन्हाच्या आधी की नंतर? वृद्धांना रात्री खोली थंड ठेवण्यास सांगतो, वारा अंगावर न घेता. आणि उन्हाळ्यात बोलणे असंबद्ध झाले तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे, हे न विचारताही सांगतो.

मातोश्री आता अकोल्यास असतात. वैशाखात सातूचा मंथ त्या आवडीने घेतात आणि तो त्यांना मानवतोही. द्रव्य तेच, मात्रा तीच. देश आणि काल तेवढे वेगळे.