तुकड्यांची मांडणी

मोजमाप कितीही काटेकोर असले, तरी फळी कापली की वीत-दीड वीत तुकडा उरतोच. पूर्वी सुतारमेटावरच्या ढलप्या आणि तुकडे चुलीत जायचे. शहरातल्या हौशी सुताराकडे चूल नसते. त्याला तुकडा टाकवत नाही, वापरायचे सुचत नाही, आणि पलंगाखालचा ढीग वाढत जातो. दहा हौशी माणसांचे असे ढीग एका छपराखाली आणून नीट लावले, तर मात्र त्यातून पुष्कळ काही घडते. हे काम सर्वात मनापासून कुठे चालत असेल, तर ऑस्ट्रेलियातल्या 'मेन्स शेड'मध्ये.

मेन्स शेड म्हणजे गावची सामायिक सुतारशाळा. येणारे बहुतेक निवृत्त पुरुष. काही ठिकाणी आता स्त्रियाही येतात. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या गूलवा गावी १९९३ मध्ये अशी एक शेड सुरू झाली. 'मेन्स शेड' हे नाव घेऊन उघडलेली पहिली जागा व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगाला गावची, तारीख २६ जुलै १९९८. राष्ट्रीय संघटना २००७ मध्ये झाली आणि आज देशात हजारावर शेड आहेत. हे लोण पुढे आयर्लंड-ब्रिटनमध्येही पोचले. नोकरी सुटलेला किंवा जोडीदार गमावलेला पुरुष समोरासमोर बसवून बोलता होत नाही. शेजारी उभा राहून रंधा मारताना आपसूक बोलू लागतो, ही या चळवळीची मूळ धारणा आहे. मला ती पटते.

पण माणूस तिथे आल्यावर त्याच्या हातात द्यायचे काय? चांगले लाकूड महाग. म्हणून दाराजवळची तुकड्यांची मांडणी मला यंत्रांपेक्षा महत्त्वाची वाटते. फर्निचरवाले, घरबांधणीवाले, जुन्या घराची जमीन उखडणारे, सगळ्यांकडून तुकडे येतात. एखाद्या दिवंगत सभासदाचे घरचे त्याने जपलेले लाकूड आणून देतात. त्यात पश्चिम ऑस्ट्रेलियाचे लालसर, जड जॅरा असते, लागवडीचे हलके रेडिआटा पाइन असते. 'टास्मानियन ओक' या नावाखाली तर निलगिरीच्या तीन जाती विकल्या जातात आणि ओकशी त्यांचे काहीच नाते नसते. म्हणून जाणता सभासद तुकड्याच्या तोंडावर पेन्सिलीने लाकडाचे नाव आणि आल्याची तारीख लिहून ठेवतो. हे दोन शब्द नसतील, तर मांडणीचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही.

आलेले सगळे ठेवायचे नसते. निवड कडक हवी, आणि इथे भीड ठेवू नये. कुंपणाचे वा बागेतले पाइन बहुधा औषध मारलेले असते. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांच्या मिश्रणाने त्याला हिरवट छटा येते. खेळाची साधने, घराबाहेरचे कठडे, बाके यांसाठी असे लाकूड वापरण्यावर ऑस्ट्रेलियाने २००६ पासून निर्बंध आणले. ते जाळले तर राखेत आर्सेनिक उरते. उन्हापावसाने हिरवी छटा उडते, त्यामुळे कुठून आले ते कळत नसेल, तर त्या तुकड्याचे खेळणे किंवा पोळपाट करायचा नाही. मालवाहू पॅलेटच्या फळीवर शिक्का पाहायचा. 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीडमुक्त केलेले, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेले. दुसरे घ्यायचेच नाही. एमडीएफचा भुसा फार बारीक, त्यात फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंक. तो कोंबड्यांच्या खुराड्यात किंवा बागेत देऊ नये. शेवटी चुंबक फिरवून खिळे शोधायचे. एक खिळा रंध्याचे पाते खराब करायला पुरतो.

लांबीचाही प्रश्न असतो. जाडी काढणाऱ्या यंत्रात दोन रूळ लाकूड पुढे ढकलतात. तुकडा रुळांमधल्या अंतरापेक्षा आखूड असला, तर मध्येच त्याची पकड सुटते आणि पाते त्याला उडवते. म्हणून साधारण ३० सेंटिमीटरच्या आतले तुकडे यंत्रात घालत नाहीत. त्यांच्यासाठी हातरंधा आणि पटाशी. त्यामुळे सर्वात लहान तुकड्यांवरच हाताचे काम जास्त होते, आणि नवखा माणूस तिथेच खरे शिकतो.

नव्या फळीला करवत लावताना त्याचा हात थरथरतो, कारण चूक झाली तर पैसे गेले. फुकटच्या तुकड्यावर तो सांधा तीनदा बिघडवतो, चौथ्यांदा जमवतो. पॉलिश कसे दिसेल ते आधी याच तुकड्यावर पाहता येते. पुढे हात बसला की १२ तुकडे घ्यावेत, प्रत्येकाची दोन्ही टोके १५ अंशांत कापावीत आणि जोडावेत: वर्तुळ बंद होते, कारण चोवीस टोकांचे मिळून ३६० अंश भरतात. अशी कडी एकावर एक चिकटवून लेथवर वाडगा कातता येतो. कोनात जरा चूक झाली की शेवटच्या सांध्यात फट दिसते, आणि ती कोणाला लपवता येत नाही. १३ सेंटिमीटर लांब, २ सेंटिमीटर जाडीच्या चौकोनी तुकड्यातून पेन निघते. अनेक शेड नाताळात मुलांना वाटायला गाड्या आणि प्राणी करतात, तेही याच मांडणीतून.

सगळेच वापरले जाते असे नाही. वर्षभर कोणी हात न लावलेला, औषध न मारलेला तुकडा सरपणात जातो. तो जाऊ द्यावा. साठवणे हा हेतू नव्हे.

महाराष्ट्रात गावोगावी, पेठापेठांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांच्या बैठकीच्या जागेत एक बाक, दोन शिकंजे, हातकरवत, रंधा आणि एक मांडणी मावते. तुमच्या सोसायटीत कोणाच्या घरी फर्निचरचे काम निघाले, की सागाचे तुकडे गोणीत भरून कचऱ्यात जातात. मिस्त्रीला आधी सांगून ठेवा, तुकडे वेगळे काढा, आणि त्यावर लाकडाचे नाव लिहायला विसरू नका.