कणा आणि कंबर (लेखांक ६) : एक फिल्म, तीन सल्ले

मणक्यांमधली गादी सरकते म्हणजे नेमकं काय होतं, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता खरी अडचण. शहादा तालुक्यातल्या कळसाडीचा एखादा पन्नाशीतला शेतकरी डोळ्यांपुढे आणा. दोन वर्षं कंबर धरलेली, मधूनच पायात झणका. तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, गोळ्या घ्या, व्यायाम करा, ऑपरेशनच्या फंदात पडू नका. धुळ्यात सांगतात, दबलेली नस मोकळी करून घ्या, लहानसं काम आहे. सुरतेत सांगतात, दोन मणके स्क्रू टाकून जोडावे लागतील. फिल्म एकच, सल्ले तीन. वर ओट्यावरचा चौथा सल्ला असतोच : अमक्याचं ऑपरेशन झालं, तो पुन्हा शेतात दिसला नाही.

पहिला संशय पैशाचा येतो. तो दर वेळी खोटा असतो, असं मी म्हणणार नाही. पण तिन्ही डॉक्टर प्रामाणिक असले तरी मतं फुटतात, कारण बहुधा प्रत्येक जण वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. एक फिल्मकडे बघतो, दुसरा पायाच्या दुखण्याकडे, तिसरा कंबरेच्या. आपण मात्र तिघांनाही एकच विचारलेलं असतं, ‘ऑपरेशन करू की नको?’

आधी फिल्म. २०१५ मध्ये तेहतीस अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यातली तीन हजारांहून अधिक माणसं पाठीची काहीच तक्रार नसलेली होती. तरीही विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. फुगलेली गादी विशीतल्या ३० टक्क्यांत होती. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाच्या एमआरआयच्या रिपोर्टमध्ये ‘झीज’, ‘गॅप’, ‘फुगवटा’ हे शब्द येणारच. ते वाचून घरात रडारड व्हायचं कारण नाही. फिल्मवरचा दोष आणि अंगातलं दुखणं यांची जागा जुळते का, हे डॉक्टरांनी हाताने तपासून सांगायला हवं. दुखणं डाव्या पायात आणि दाब उजवीकडे, असं असेल तर त्या फिल्मच्या जोरावर ऑपरेशन ठरत नाही.

दुसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि तीच सांगायची राहून जाते : जास्त काय दुखतं, कंबर की पाय? नस दबून कुल्ल्यापासून पावलापर्यंत कळ जात असेल, म्हणजे सायटिका असेल, तर नस मोकळी करण्याच्या ऑपरेशनला चांगला आधार आहे. पण घाई करावी का? नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांवर अभ्यास झाला, २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. एका गटाचं ऑपरेशन लवकर केलं, दुसऱ्याला थांबवलं. लवकर ऑपरेशन झालेल्यांची कळ लवकर थांबली. वर्षाअखेर मात्र दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के लोक बरे होते, आणि थांबवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनाच पुढे ऑपरेशन लागलं. ‘करा’ म्हणणारा आणि ‘थांबा’ म्हणणारा, दोघांनाही हाच अभ्यास पुढे करता येतो. तुम्हाला कळ किती दिवस सोसवेल आणि हंगाम तोंडावर आहे का, हे त्या दोघांना नाही, तुम्हालाच ठाऊक.

कंबरच दुखत असेल, पाय ठीक असेल, तर गोष्ट अवघड होते. इथे मणके जोडण्याचा सल्ला येतो. स्वीडनमध्ये २९४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये आला. त्यात मणके जोडलेल्यांपैकी ६३ टक्के लोक आपण सुधारलो म्हणाले, ऑपरेशन न केलेल्यांपैकी फक्त २९. दोन वर्षांनी नॉर्वेच्या लहान अभ्यासात फरकच दिसला नाही, आणि २००५ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसला तो जेमतेम. गोम तुलनेत आहे. स्वीडनमध्ये दुसऱ्या गटाला नेहमीची फिजिओथेरपी मिळाली होती. नॉर्वे आणि ब्रिटनमध्ये देखरेखीखाली कित्येक तासांचा व्यायाम, आणि ‘हललो तर कणा मोडेल’ ही भीती घालवणारं समुपदेशनही. तसं काही मिळालं, तर बरेच जण स्क्रूशिवायही तेवढेच सुधारतात.

म्हणून ‘ऑपरेशन नको, व्यायाम करा’ म्हणत चित्रांचा कागद हातात देणारा सल्लाही मला अर्धाच वाटतो. व्यायाम शिकवणार कोण, कुठे, किती आठवडे? गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने डॉ. शेखर भोजराज यांच्या स्पाइन फाउंडेशनच्या साथीने पाठदुखी हा ग्रामीण आरोग्याचा प्रश्न म्हणून हाती घेतला, रुग्णालयात मणक्याची ऑपरेशनंही केली. सातपुड्याच्या पायथ्याशी अशा कामाची तितकीच गरज आहे. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेबद्दल रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे चौकशी जरूर करा, पण ‘फुकट होतंय, करून घ्या’ हे ऑपरेशनचं कारण होऊ शकत नाही.

आता ज्यात वाट पाहायची नसते ते. लघवी अडकली किंवा शौचावरचा ताबा गेला, बसताना टेकतो तिथली जागा बधिर झाली, पाऊल उचलेनासं झालं, तर दुसरं मत गोळा करत हिंडू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं आणि रात्री न थांबणारी पाठदुखी असेल, तर मणक्याचा क्षय आहे का ते पाहायला हवं. त्यावर बहुतेकदा महिनोन्महिने औषधं हाच इलाज असतो, ऑपरेशन काहींनाच लागतं. आणि नंदुरबार जिल्ह्यात सिकलसेल विसरून चालत नाही. भिल्ल, पावरा कुटुंबांतल्या तरुणाची वारंवार उठणारी पाठदुखी हाडांतल्या सिकलसेलची असू शकते. त्याच आजारात खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, आणि जांघेतली ती कळ ‘कंबर’ म्हणून सांगितली जाते. रक्ताची तपासणी साधी आहे. ती एमआरआयच्या आधी व्हावी, आणि ऑपरेशन ठरलंच तर भूल देणाऱ्याला तिचा निकाल माहीत असलाच पाहिजे.

दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना पहिल्याचं मत आधी सांगू नका. तक्रार सांगा, तपासू द्या, फिल्म द्या आणि त्यांचं बोलून झाल्यावरच पहिली चिठ्ठी काढा. मग विचारा : ऑपरेशनने माझी कंबर थांबेल की पाय? तीन महिने थांबलो तर कायमचं काय बिघडेल? तुम्ही सांगता त्याच्या उलट मत असलेला डॉक्टर काय म्हणेल? शेवटच्या प्रश्नाला न चिडता उत्तर देणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. आणि कागद मागायला संकोच नको. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागितलेल्या नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. दुसरं मत घेणं हा तर रुग्णहक्कांच्या सनदेतलाच हक्क आहे.

पुढच्या लेखांकात : कंबरेचा पट्टा कधी बांधावा, आणि कधी सोडावा.