नाताळची भेट, घरची आणि हातची

डिसेंबर लागला की आपल्या भागात रब्बीची ज्वारी पोटरीत येते, पहाटे शेकोट्या पेटू लागतात, आणि गावातल्या एखाद्या घरावर उंच काठीला कागदाची चांदणी चढते. नाताळ जवळ आला, हे सांगायला मग दुसऱ्या कोणाची गरज राहत नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला आपले ठाणे केले. पुढे नेवासे, राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या बाजूच्या कितीतरी गावांत ख्रिस्ती वस्ती झाली, चर्च आले, शाळा आल्या. हरेगावला मतमाउलीच्या यात्रेला तर सप्टेंबरात सगळ्या धर्मांची माणसे जातात. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. बोलताना मात्र पुष्कळ जण अजून नगरच म्हणतात. सांगायचे ते एवढेच, की नाताळ हा इकडे कोणा परक्याचा सण नाही. शेजारून करंज्या-शंकरपाळ्यांचे ताट येते, आणि ते ताट रिकामे परत करायचे नसते, हे गावात लहान पोरालाही ठाऊक असते.

ते ताट भरायचे कशाने, हा प्रश्न मात्र अलीकडे अवघड होऊ लागला आहे. बाजाराच्या गावी दुकानात चकचकीत कागदात बांधलेल्या वस्तू मांडलेल्या असतात. मूल त्या पाहते आणि घरी येऊन मागते. बाप उधारीवर आणतो, आणि सेलवर चालणारी ती मोटार सण सरायच्या आत बंद पडते. उधारी तेवढी राहते. दुसरी गोष्ट गुरुजींना आणि बाईंना सांगायची आहे. बऱ्याच शाळांतून आता नाताळला नावाच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याचे नाव निघेल त्याला पन्नास रुपयांची भेट आणायची, असा नियम असतो. खेळ मोठा गमतीचा आहे, मला आवडतो. पण त्या दिवशी हजेरी नीट पाहा. ज्या मुलाच्या घरी पन्नास रुपये नसतात ते रडत बसत नाही, तक्रारही करत नाही. ते शाळेतच येत नाही. वर्गाला वाटते, पोटात दुखत असेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे की चिठ्ठ्या खुशाल टाकाव्यात, नियम तेवढा बदलावा. विकत आणलेली वस्तू चालणार नाही, हाताने केलेलीच चालेल, असा नियम करा. मग ज्याच्या घरी पैसे आहेत तोही कामाला लागतो आणि ज्याच्या घरी नाहीत तोही.

ख्रिस्तजन्माच्या मूळ कथेकडे पाहिले तरी असेच दिसते. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी सोने, ऊद आणि गंधरस आणला, हे मत्तयाने सांगितले आहे. लूकच्या कथेत रानात मेंढरे राखणारे मेंढपाळ रातोरात बाळाला पाहायला येतात. त्यांनी काय आणले, याविषयी लूकने एक अक्षरही लिहिलेले नाही. बाळ कुठे निजले होते, तर गव्हाणीत. अंगावर काय होते, तर बाळंते. गव्हाण आणि बाळंते हे दोन्ही शब्द आपल्या मराठी शास्त्रात आहेत, आणि आपल्याला ते कोणी समजावून सांगावे लागत नाहीत.

आता कामाचे बोलू. पहिली चांदणी घेऊ, कारण ती सगळ्यांना करता येते आणि तरी पुष्कळांची बिघडते. बुरुडाकडून किंवा जुन्या टोपलीतून बांबूच्या कामट्या घ्या. दीड फूट लांबीच्या दहा कामट्या आणि चार-चार इंचांचे पाच तुकडे लागतील. कामट्या आधी चाकूने तासून गुळगुळीत करा, नाहीतर कुसळे हातात जातात. पाटीवर पेन्सिल न उचलता आपण पाच टोकांची चांदणी काढतो ना, तशाच पाच कामट्या जमिनीवर मांडा. पाचही टोके दोऱ्याने बांधा. आत जिथे कामट्या एकमेकींना ओलांडतात तिथेही पाच ठिकाणी बांधा. अशा दोन चांदण्या करायच्या. दोन्ही एकावर एक ठेवून फक्त बाहेरची टोके एकत्र बांधा. आतल्या गाठी एकमेकींना बांधू नका. मग आत, समोरासमोर आलेल्या गाठींच्या मध्ये, चार इंचांचा एकेक तुकडा उभा सरकवा आणि त्याची दोन्ही टोके बांधून टाका. चांदणी लगेच फुगते. बिघडते ती इथेच. तुकडे कमीजास्त लांबीचे झाले की चांदणी एका अंगाला कलते. ते पाचही एकदम, एकाच मापाने कापले की काम झाले.

वरून पतंगाचा कागद. चिकटवायला दुकानातला डिंक नको. दोन चमचे कणीक वाटीभर थंड पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहिले की छान खळ होते. चिमूटभर तुरटी टाकली तर ती दोन दिवस टिकते. कागद थोडा मोठा कापा, कडा कामटीवर दुमडा, आणि फार ओढू नका. खळ वाळताना कागद आपोआप ताणला जातो. बाजूच्या फटीही झाकायच्या असतात, एक तेवढी दिवा ठेवायला उघडी राहू द्या. आत पणती किंवा मेणबत्ती मुळीच ठेवू नका. या दिवसांत अंगणात कडब्याची गंजी असते, आणि वाऱ्याने उडालेली एक ठिणगी वर्षाची वैरण खाऊन टाकते. लहानसा एलईडी दिवा पुरतो. दिवाळीचा आकाशकंदील घरात सांगाड्यासह पडून असेल तर फार उत्तम. कागद बदला, तोच नाताळला चालेल; कितीतरी घरांत तसेच करतात.

दुसरी भेट दुपट्याची. ज्या घरी वर्षात बाळ झाले आहे तिथे याहून चांगली वस्तू मला तरी सुचत नाही. आईचे किंवा आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घ्या. नायलॉनचे नको, ते ओल शोषत नाही. कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवा. तान्ह्या बाळाला तीन पदर पुरे. थोरांच्या गोधडीला पाच-सहा लागतात. पदर जमिनीवर ताणून अंथरा, कोपऱ्यांवर वरवंटा नाहीतर पितळी तांबे ठेवा, मोठे टाके घालून टाचून घ्या आणि मग धावदोरा. आपल्याकडच्या बायका कडेपासून सुरुवात करून चौकोना-चौकोनाने आत जातात. चारही कडा पक्क्या झाल्या की पदर सरकत नाहीत. दुपटे चार दुपारी होते. गोधडीला मात्र दिवाळी सरली की बसावे लागते, हे लक्षात ठेवा. आणि हे काम मुलींनीच करायचे असे कोणी ठरवले? धावदोरा हा सगळ्यात सोपा टाका आहे, आठवीच्या मुलाला तो अर्ध्या तासात येतो.

लहान मुलांसाठी ज्वारीच्या ताटाची बैलगाडी. हुरड्याच्या पिकाला हात लावू नका, गेल्या वर्षीच्या कडब्यातले वाळके ताट घ्या. वरची साल सोलली की आत पांढरे, हलके भेंड राहते. सालीच्या काड्या म्हणजे खिळे आणि भेंडाचे तुकडे म्हणजे लाकूड. काडी भेंडात खुपसली की सांधा तयार. चाकासाठी सालीची पट्टी गोल वाकवून दोन्ही टोके भेंडाच्या तुकड्यात बसवायची. एक मात्र बजावून सांगतो, या सालीला पात्यासारखी धार असते. सोलण्याचे काम मोठ्या माणसाने करावे. बैल गावाकडच्या आजोबांना विचारून करा. मी सांगण्यापेक्षा ते चांगले सांगतील, आणि त्यांनाही कोणी विचारलेले बरे वाटेल.

बी हीसुद्धा भेट आहे, हे आपण विसरत चाललो आहोत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत, पण घेवडा, वाल आणि असली कितीतरी गावरान बियाणी त्यांनी जपली, लोकांना दिली; २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. डिसेंबर-जानेवारीत घेवड्याच्या शेंगा वेलावरच वाळतात. निवडक, भरलेले, न किडलेले दाणे घ्या, चांगले वाळवा, थोडी गाळलेली राख चोळा आणि वहीच्या कागदाची पुडी करून त्यात बांधा. पुडीवर तीन गोष्टी लिहा: कशाचे बी, कोणाच्या परसातले, आणि कधी लावायचे. ज्याला ही पुडी मिळेल त्याला पुढे भाजी मिळेल, आणि बी राखले तर दुसऱ्याला द्यायला पुडीही होईल.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांना काय द्यावे, असे पुष्कळदा विचारतात. त्यांच्याकडूनच घ्यावे, असे मी म्हणेन. गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पाने काढा, मधोमध दुमडा, दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने शिवा, जुन्या लग्नपत्रिकेचे पुठ्ठे लावा. मग आजीजवळ बसा. तिला येणारी गाणी, ओव्या, दुष्काळाच्या आठवणी, लग्नाला किती बैलगाड्या होत्या ते सारे तिच्याच शब्दांत उतरवून घ्या आणि नाताळच्या दिवशी तिला वाचून दाखवा. नगरच्या मातीत याला मोठा दाखला आहे. देवदत्त टिळकांना वडिलांचे, म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळकांचे, चरित्र लिहायचे होते. त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई लिहू लागल्या, आणि १९३४ ते १९३६ या काळात ‘स्मृतिचित्रे’चे चार भाग निघाले. मुलाने विचारले नसते तर? तुमच्या आजीचे पुस्तक छापले जाणार नाही, पण नातवंडांना ते लागेल.

फराळाविषयी फार बोलत नाही, तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला येतो. एवढेच सांगतो, की शेंगदाणे आणि गूळ घरचा असताना केकसाठी तालुक्याला खेप घालू नका. लाडू पळसाच्या पानांच्या द्रोणात द्या, वर दुसरा द्रोण उपडा ठेवा, आणि केळीच्या वाळक्या सोपटाने बांधा. चकचकीत कागदापेक्षा ते देखणे दिसते.

आणखी एक गोष्ट गुरुजींसाठी. पाथर्डी, शेवगाव या भागांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला घरेच्या घरे उठून जातात. नाताळात तुमच्या वर्गातले काही बाक रिकामे असतील. उलट प्रवरेच्या आणि गोदावरीच्या काठच्या गावांत, कारखान्यांच्या भोवती, बीडकडची मंडळी कोप्या घालून उतरलेली असतात, आणि त्यांची मुले तुमच्या हजेरीपटावर नसतात. चिठ्ठ्या टाकताना या दोघांचीही नावे टाका. गेलेल्या मुलाची वस्तू गावाकडे येणाऱ्या कोणाबरोबर पाठवता येते. कोपीतल्या मुलांची नावे मात्र आधी जाऊन विचारून यावी लागतील. संध्याकाळी जा, दिवसभर आई-बाप फडात असतात आणि मोठी बहीण धाकट्याला सांभाळत बसलेली असते. नाव विचाराल तेव्हा वयही विचारा, म्हणजे गोधडी किती लांबीची शिवायची ते कळेल. पाचटाच्या कोपीत पहाटेचे गार वारे सरळ आत येते. दहा वर्षांच्या मुलाला पाच फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद अशी गोधडी पुरते. दोन भावंडे एकत्र निजत असतील तर रुंदी पाच फूट धरा.