रात्रीची तयारी, सकाळची न्याहारी

ईस्टरच्या आदल्या रात्रीचा जागरणविधी आटोपून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते. सकाळी पुन्हा मिस्सा, दारात पाहुणे, आणि स्वयंपाकघरात एकटी आई. बाकीचे घर देवळात आणि ती चुलीपाशी, हे मी पुष्कळ घरांतून पाहिले आहे. म्हणून यंदा या पानावर अशी न्याहारी देत आहे, की जिचे बहुतेक काम शनिवारीच उरकते.

अमेरिकेत या पदार्थाला स्ट्राटा म्हणतात. स्ट्राटा म्हणजे थर. शिळ्या पावाचे तुकडे, मध्ये चीज आणि भाजी किंवा मांस, वरून फेटलेली अंडी व दूध. हे सारे रात्रभर भिजवायचे आणि सकाळी भाजायचे. आपल्या घरी ब्रेड पुडिंग होते, त्याचेच हे तिखटमिठाचे भावंड म्हणावे. ईस्टर आणि अंडी यांचे नाते तर जुनेच आहे. पूर्वी उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबड्या मात्र उपवास पाळीत नाहीत! अंडी साठत जात आणि सणाला ती मनसोक्त खाल्ली जात.

सहा माणसांना शिळे पाव ८, अंडी ६, तापवून गार केलेले दूध ६०० मिलिलिटर, किसलेले चीज १०० ग्रॅम, एक कांदा, दोन मिरच्या, मिरपूड आणि एक सपाट चमचा मीठ लागते. पाव शिळाच घ्यावा. ताजा पाव दुधात विरघळून लगदा होतो. शिळा कोरडा झालेला असतो, म्हणून दूध पिऊनही त्याचा तुकडा तुकडाच राहतो. ताजाच हाताशी असेल तर तुकडे करून मंद भट्टीत किंवा तव्यावर सुकवून घ्यावेत. कांदा, टोमॅटो, पालक यांतले जे घालायचे ते आधी परतून पाणी आटवावे, नाहीतर खाली तळे साचते. गोव्याचे सॉसेज घालणार असाल तर आधी पूर्ण शिजवून कोरडे करावे व गार होऊ द्यावे. त्यातील व्हिनेगरने दूध फाटण्याचा संभव असतो. ते खारटही असते, तेव्हा मीठ निम्मे करावे. अंडी-दूध ओतल्यावर पाव चमच्याने दाबून सगळे तुकडे भिजवावेत आणि भांडे झाकून फ्रिजमध्ये ठेवावे.

फ्रिजमध्येच. हे मी अनुभवाने सांगतो. २०१४ च्या ईस्टरला, मी दुसऱ्या गावी असताना, गायकवृंदातील मुलांसाठी असेच ट्रे आम्ही शनिवारी संध्याकाळी भिजवले. फ्रिजमध्ये जागा नव्हती. सभागृह गार आहे, एका रात्रीने काय होते, असे म्हणून मीच ते टेबलावर ठेवायला सांगितले. सकाळी वरून छान लाल झालेले पाहून घाईने बाहेरही काढले; मधला भाग ओलसरच होता. सोमवारी नऊ मुले जुलाब व तापाने अंथरुणावर होती, दोघांना सलाईन लावावे लागले. दोष स्वयंपाक्याचा नव्हता, माझा होता.

अंड्याच्या कवचावर, आणि कधी कधी आतही, साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. अंडी-दुधाचे मिश्रण हे त्यांचे आवडते खाद्य. एप्रिलच्या उकाड्यात ते झपाट्याने वाढतात. फ्रिजच्या ४-५ अंशांत त्यांची वाढ जवळजवळ थांबते, पण ते मरत नाहीत. मरतात ते उष्णतेने, म्हणून पदार्थ मध्यापर्यंत शिजलाच पाहिजे. रात्री वीज गेली तर फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज सुमारे चार तास गारवा धरतो. फ्रिज नसेल त्यांनी रात्री काही भिजवूच नये. पाव कापून सुकवून ठेवावा, चीज किसावे, कांदा-मिरच्या चिरून ठेवाव्यात. अंडी सकाळीच फोडावीत. अर्धा तास भिजले तरी पुरते, चवीत थोडाच फरक पडतो.

सकाळी भट्टी १८० अंशांवर तापवून पाऊण तास भाजावे. काचेचे भांडे फ्रिजमधून थेट तापल्या भट्टीत घातले तर तडकते, त्यापेक्षा ॲल्युमिनियमचा ट्रे बरा. मध्यभागी सुरी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली पाहिजे. आच वाढवून घाई करू नये. अंड्यातील प्रथिने फार तापली की आवळतात, पाणी सोडतात, आणि वडी रबरासारखी होते. घरी भट्टी नसेल तर दोन लहान डब्यांत घालून कुकरमध्ये शिटी न लावता पाऊण तास वाफवावे. वर लाली येणार नाही, पण वड्या कापून तव्यावर लोण्यात परतल्या की तीही उणीव जाते. मुलांना अशाच अधिक आवडतात.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांनी सकाळ-संध्याकाळ अंडी गोळा करावीत व खुराड्यातील गवत वरचेवर बदलावे. मळलेले अंडे कोरड्या फडक्याने पुसावे. धुऊन साठवू नये, कारण धुतल्याने कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि बारीक छिद्रांतून घाण आत शिरते. पाण्यात तरंगणारे अंडे जुने झालेले असते, ते या कामी वापरू नये.

उरलेले दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी चांगले गरम करून संपवावे.

न्याहारी मिस्सेच्या आधी केली तर चालते का, असे दरवर्षी कोणीतरी विचारते. १९६४ पासून नियम कम्युनियनपूर्वी एक तासाच्या उपवासाचा आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तीही अट नाही. तेव्हा आजीला खुशाल आधी वाढावे, आणि तिला भरवणाऱ्या सुनेनेही दोन घास खाऊन घ्यावेत.